दाताळ्याचे ओरखडे

तुकडा चार दशांश मिलिमीटर लांब होता. त्याचं एक टोक सरळ तुटलेलं होतं आणि दुसरं ओढून फाटलेलं. सरळ टोक माझ्या ओळखीचं होतं. उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. फाटलेल्या टोकाला मात्र तंतू सुटले होते आणि तिथून मागे तीन समांतर ओरखडे गेले होते. रंग पोपटी, एका बाजूने विटलेला.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा लावला आणि वहीत नोंद केली. मग पुढचा तुकडा घेतला. मी शिकवते त्या कॉलेजची प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत पन्नास तुकडे पाहून झाले. त्यातल्या एकतीस तुकड्यांवर तसेच ओरखडे होते.

ऊन ओरखडे काढत नाही.

हे तुकडे आले कुठून, हे मला अकरा महिन्यांपासून माहीत होतं. बडोद्याच्या गोत्री भागात आम्ही राहतो त्या माधवकुंज सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकची हिरवळ आहे, छत्तीसशे चौरस फूट. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळांतून खाली येतं, खडी आणि वाळूच्या टाकीतून गाळलं जातं आणि एका खोल बोअरमधून जमिनीत मुरतं. ही सगळी व्यवस्था सात वर्षांपूर्वी मीच आखली होती. पाणी मुरायला लागल्यावर आमच्या वापराच्या बोअरची पातळी वर आली, पाण्याचा खारेपणा उतरला. त्याचा मला अभिमान होता, आणि तो अजूनही आहे.

हिरवळ त्यानंतर आली. आमची गच्ची इथल्या बहुतेक गच्च्यांसारखी पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची होती. उन्हाळ्यात घर थंड ठेवायला उत्तम, पण पावसात काचेसारखी निसरडी. एका ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाई, इंदिराबाई, तिथे घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणावर काढून त्या गेल्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर माझ्या सासऱ्यांनी, जयवंतरावांनी, स्वतःच्या खर्चाने सबंध गच्चीवर हिरवळ बसवून घेतली. “पुन्हा कुणाची बाई पडायला नको,” एवढंच ते म्हणाले. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर स्टीलची एक लहान पाटी लागली. पाटीवर माईंचं नाव होतं.

पुढच्या वर्षी कमिटीने मला मुरणाऱ्या पाण्याचं प्रमाणपत्र मागितलं. मी क्षार तपासले, जंतू तपासले, धातू तपासले. प्लास्टिक तपासलं नाही. ते कुणी मागितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. “पाणी स्वच्छ आहे” असं लिहून मी सही केली. ते प्रमाणपत्र फ्रेम होऊन लिफ्टशेजारी लागलं. रोज सकाळी लिफ्टची वाट बघताना मी माझी सही वाचत असे.

गेल्या मे महिन्यात गाळणीची वाळू बदलली तेव्हा मी सहज एक डबाभर वाळू कॉलेजात नेली. मिठाच्या संपृक्त द्रावणात ती ढवळली. वाळू खाली बसली आणि वर हिरवा थर तरंगला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, एका नमुन्यावर बोलू नये. मग दुसरा घेतला. मग वाटलं, माझ्या ओढणीचे धागे मिसळले असतील, म्हणून सुती ओढणी घेऊन पुन्हा सगळं केलं. नुसतं शुद्ध पाणी त्याच भांड्यांतून त्याच पद्धतीने गाळून पाहिलं. मग पावसाआधीचा नमुना, पावसानंतरचा नमुना, मुरवायच्या बोअरच्या तळाचा गाळ. असे सतरा नमुने झाले. प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं. विज्ञानात उशिराला नेहमीच चांगलं कारण सापडतं.

“आई, तुला अजून एक नमुना नाही, अजून एक वर्ष हवंय,” माझी मुलगी मिताली म्हणाली. ती वास्तुकला शिकते आणि कुणाचीही इमारत कुठे कलली आहे ते तिला लगेच दिसतं.

ओरखडे मात्र नवीन होते. म्हणजे तुकड्यांवर ते आधीपासून असणार, मीच फक्त रंग आणि लांबी मोजत होते. त्या संध्याकाळी घरी येताना स्कूटरवर मी एकच प्रश्न डोक्यात घोळवला: हिरवळीवर लोखंड कोण फिरवतं?

अक्षर चौकाच्या सिग्नलला उत्तर सापडलं. आम्हीच. दर वर्षी, सोळा जानेवारीला.

उत्तरायणचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस बडोद्यात कुणी गच्चीवरून खाली उतरत नाही. तिसऱ्या दिवशी गच्चीभर मांजाचे तुकडे राहतात. हिरवळ बसवल्यानंतरच्या पहिल्या उत्तरायणला ते पात्यांत अडकले, केरसुणीने निघेनात, आणि एका साळुंकीचे दोन्ही पाय त्यात गुरफटले. ती मेली. मी तेव्हा नोटीस बोर्डावर एक कागद लावला: मांजा लोखंडी दाताळ्याने विंचरून काढावा, एकही तुकडा राहू देऊ नये. लोकांना ते फार आवडलं. प्रत्येक मजल्याने दाताळं विकत घेतलं. कुणाच्या मजल्याचा मांजाचा गोळा मोठा, याची शर्यत लागते. मुलं, आजोबा, सुना सगळे अर्धा दिवस हिरवळ विंचरतात आणि नंतर उरलेल्या उंधियूचं जेवण होतं.

नोटिशीखाली सही माझीच होती.

घरी पोचले तर मयंकभाई सोफ्यावर चहा पीत बसले होते. ते सोसायटीचे सेक्रेटरी. गुजराती आहेत, पण नानांशी मराठीत बोलायची त्यांना हौस. नाना म्हणजे माझे सासरे.

“आवो बेन, तुमचीच वाट. रविवारी जनरल मीटिंग. शेजारच्या दोन सोसायट्यांचे लोक पण येणार. त्यांना पण सेम टू सेम पाहिजे. गच्चीवर लॉन आणि खाली पाणी मुरवायचा बोअर. तुमचा ताजा रिपोर्ट वाचून दाखवला की ते लोक ऑर्डरच देणार.”

“कसला रिपोर्ट?”

“तोच ने. पाणी स्वच्छ छे. तारीख बदलायची फक्त.”

“सूनबाई तारीख बदलून देणाऱ्यातली नाही हो,” नाना म्हणाले. त्यांचं वय ब्याऐंशी. ते रेल्वेच्या कारखान्यात फोरमन होते, त्यांचे आजोबा सरकारी घोडदळात होते, आणि घोड्यावर नसतानाही पाठ ताठ ठेवायची सवय घरात अजून टिकून आहे. “ती आधी तारीख तपासून बघेल, खरंच रविवार आहे का.”

मयंकभाई मनापासून हसले. मी म्हटलं, “रविवारी सांगते.”

“सांगते नाही बेन, देते,” ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

आता गोष्ट आमच्या एका गच्चीची उरली नव्हती. माझ्या सहीवर आणखी दोन गच्च्या हिरव्या होणार होत्या. गप्प राहिले तरी ते माझं उत्तरच ठरलं असतं.

शनिवारी सकाळी सात वाजता मी मितालीला घेऊन गच्चीवर गेले. आठवडाभरापूर्वी मी एका कोपऱ्यात सुतळीने एक-एक फुटाचे दोन चौकोन आखले होते आणि दोन्ही ब्रशने स्वच्छ करून ठेवले होते. मूळ बेत ऊन एका आठवड्यात किती तुकडे पाडतं एवढंच बघायचा होता. आता त्याला दुसरा अर्थ आला.

“याला नुसता ब्रश,” मी म्हटलं, “आणि त्याला आधी दाताळं. दहा वेळा. सोळा जानेवारीला फिरवतो तसं.”

“म्हणजे रागाने?”

“म्हणजे नेहमीच्या जोराने.”

मितालीने दहा ओढी मारल्या. प्रत्येक ओढीला कोरडा, चुरचुरीत आवाज येत होता. तीन वर्षं तो आवाज मी ऐकला होता आणि स्वच्छतेचा समजले होते.

नाना फेऱ्या मारत होते. रोज वीस फेऱ्या, हात मागे बांधून, अनवाणी. ते आमच्यापाशी थांबले.

“मांजा आता एप्रिलमध्ये कुठला?”

“मांजा नाही नाना. हिरवळीचे तुकडे किती पडतात ते बघतेय.”

“पडायचेच. माझे केस नाही का पडले.”

“तुमचे केस बोअरमध्ये नाही गेले, आजोबा,” मिताली म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “जेवायच्या आत आकडा सांग,” ते म्हणाले आणि एकविसावी फेरी सुरू केली.

दोन्ही चौकोनांतला केर आम्ही वेगवेगळ्या पांढऱ्या थाळ्यांत जेवणाच्या टेबलावर घेतला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. भिंगाखाली सुईने एकेक तुकडा बाजूला करत गेलो. शंका येईल तिथे सुई तापवून टेकवली. प्लास्टिक लगेच आकसून गोळा होतं, वाळलेली काडी होत नाही. घामाने मितालीचा कुर्ता पाठीला चिकटला. तिने एकदाही पंख्याचं नाव काढलं नाही.

साडेअकराला मोजणी संपली. दाताळं फिरवलेल्या चौकोनात तीनशे चाळीस. न फिरवलेल्यात बावीस.

“काय निघालं?” नाना आपल्या खुर्चीतून म्हणाले. वर्तमानपत्र त्यांच्या हातात होतं, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मे महिन्यातली वाळू, सतरा नमुने, ओरखडे. गाळणीच्या वरच्या थरात शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर तुकडे, खालच्या थरात तीस, मुरवायच्या बोअरच्या गाळात नऊ. वापराच्या बोअरच्या पाण्यात तीनदा पाहिलं, सापडले नाहीत.

“नाहीत ना? मग झालं.”

“माझ्या पद्धतीने दिसतील एवढे मोठे नाहीत. त्याहून बारीक असतील तर मला दिसत नाहीत. आणि गाळणीतून नऊ खाली गेलेत, म्हणजे वाट आहे.”

नानांनी पेपर खाली केला. “मे महिन्यापासून तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस.”

“हो नाना.”

“हे दाताळं फिरवायचं कुणी काढलं होतं?”

“मी.”

“मग माझ्या हिरवळीचा काय दोष?” त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. आवाज चढला नव्हता. कारखान्यात ते असेच बोलत असणार, बिघाड कुठल्या पाळीचा ते ठरवताना. “दाताळं बंद कर. नोटीस मागे घे. उद्या उभी राहून सांग, माझी चूक झाली. लोक टाळ्या वाजवतील. कबूल करणाऱ्याला वाजवतातच.”

त्यांनी मला वाट दाखवली होती आणि ती वाईट नव्हती. दाताळं थांबलं असतं तर तुकडे खरोखर कमी झाले असते, पुष्कळ कमी. माईंची पाटी राहिली असती. मी प्रामाणिकही ठरले असते. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं.

पण टेबलावर दुसरी थाळी होती.

“न फिरवलेल्या चौकोनातसुद्धा बावीस निघाले नाना. एका फुटाला, एका आठवड्यात. सबंध गच्चीचे धरले तर ऐंशी हजाराच्या आसपास. आणि पाती दर उन्हाळ्याला आणखी कडक होणार.”

“एका कोपऱ्यावरून सबंध गच्ची धरतेस?”

“खरं आहे. चाळीस हजार असतील, लाख असतील. पण शून्य नाहीत.”

“आणि घसरण्याचं काय?” आता त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “ते धरलंस? हिरवळ काढ, खालची ती पांढरी चिनीमाती तशीच आहे. ऑगस्टमध्ये कुणीतरी जाईल कपडे काढायला. ती पडणार नाही अशी सही देशील? तुझ्या सूक्ष्मदर्शकात माईचं हाड दिसतं का?”

मिताली थाळी उचलून स्वयंपाकघरात निघाली होती, ती दारातच थांबली.

“तेही धरलंय,” मी म्हटलं. “खडबडीत सिमेंटच्या लाद्या. दोरीपासून दारापर्यंत आणि टाकीभोवती चालायची वाट. कडेने कठडा. बाकीची गच्ची पांढरीच राहील. मी चार प्रकारच्या लाद्या आणून फळीवर ओल्या करून बघितल्या. कॉलेजात ठेवल्यात. एका लादीवर तर फळी बरीच तिरपी केली तरी चप्पल सरकत नाही.”

“हे कधी केलंस?”

“दिवाळीच्या सुट्टीत.”

“म्हणजे उत्तरसुद्धा तयार होतं.” ते हसले नाहीत. “आणि तरी बोलली नाहीस. का गं? मी काय तुला खाल्लं असतं?”

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. “तुम्ही रोज तिथे अनवाणी चालता,” मी म्हटलं.

नाना उठले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देत, हळू, पण कुणाचा हात न घेता. “घरात मला पटवू नकोस,” ते म्हणाले. “घरातलं पटलेलं सभेत कुणी मोजत नाही. जे काय आहे ते उद्या सगळ्यांसमोर बोल. मी पण तिथेच असेन.” मग स्वयंपाकघराकडे वळून, “मिताली, वरण झालंय का नुसतं प्लास्टिकच आहे आज?”

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. साठ-पासष्ट माणसं असतील. शेजारच्या सोसायट्यांचे चौघे पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्यापैकी एकाने मोबाइलवर आमच्या गच्चीचे फोटो आधीच काढून आणले होते. सर्वांत वडील म्हणून अध्यक्षपद दर वर्षी नानांकडे असतं. ते पांढऱ्या सदऱ्यात मधोमध बसले होते.

मागचं इतिवृत्त मंजूर झालं. लिफ्टच्या दुरुस्तीवर वीस मिनिटं गेली. मग मयंकभाईंनी माइक घेतला, पाहुण्यांचं स्वागत केलं, जयवंतदादांच्या हिरवळीचं कौतुक केलं, इंदिराबांची आठवण काढली. ते सगळं ते मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच ऐकायला जड जात होतं.

“आता आपल्या निरुपमाबेन रिपोर्ट वांचशे,” ते म्हणाले. “एक पानाचाच आहे ने बेन?”

“नाही. तोंडीच सांगणार आहे.”

“अरे, पण सहीवाळो कागद तो जोईए ने. पाहुणे घेऊन जाणार.”

मी उठले. माझ्या हातात दोन लहान बाटल्या होत्या, तळाशी हिरवा केर असलेल्या. पहिल्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, हे काय खत आहे का. कुणीतरी मागून म्हणालं, बेन, थोडक्यात, पोरांचे क्लास आहेत.

मयंकभाईंनी माइक माझ्याकडे केला, पण मध्येच नानांनी हात पुढे करून तो घेतला. क्षणभर मला वाटलं, ते माझ्या आधी बोलणार, आणि त्यांनी दाखवलेली वाट माझ्यासाठी स्वतःच जाहीर करून टाकणार. दाताळं बंद, माफी, टाळ्या. तसं झालं असतं तर मला नंतर तोंड उघडणं फार कठीण गेलं असतं.

“माझी सून अकरा महिने गप्प होती,” नाना म्हणाले. “ती आता बोलेल. बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोडायचं नाही. मी पण नाही.” आणि माइक माझ्या हातात दिला.

पार्किंगमधला पंखा आवाज करत होता. मी बाटल्या टेबलावर नानांच्या समोर ठेवल्या, लेबलं लोकांकडे करून.

“लिफ्टशेजारचं प्रमाणपत्र मी आज मागे घेते,” मी म्हटलं. “त्यात मी प्लास्टिक तपासलं नव्हतं. नंतर तपासलं. हे आपल्या गच्चीवरचे तुकडे आहेत आणि ते पाणी मुरवायच्या बोअरच्या तळापर्यंत पोचलेत. वापराच्या बोअरच्या पाण्यात अजून मला सापडले नाहीत, म्हणून आता थांबवलं तर थांबेल. दाताळं फिरवा असं मीच लिहिलं होतं. त्याने तुकडे कितीतरी पटींनी वाढले. ती माझी चूक आहे. पण दाताळं बंद करून भागणार नाही, कारण नुसत्या उन्हानेही ते पडतात. पाहुण्यांनी हिरवळ घेऊ नये. आणि आपली, माईंच्या नावाची, पाऊस यायच्या आत काढायची.”